न्यूयॉर्क ते सिंगापूर: अंतर भागिले वेग, आणि उत्तर काही जुळेना

हातचा_एक
नमस्कार मंडळी. आई पुढच्या सोमवारी न्यूयॉर्कहून सिंगापूरला ताईकडे चाललीये, एकटी, थेट विमानाने. तिकीट झालं, व्हीलचेअर सांगून झाली, आणि परवा तिने सहज विचारलं, "नक्की किती तास बसायचंय रे मला?" मी म्हटलं थांब, सांगतो. इथून घोळ सुरू झाला.

नेटवर अंतर बघितलं, १५,३४९ किमी. वेग ताशी ९०० धरला. म्हणजे १७ तास. तिकिटावर लिहिलंय साडेअठरा. बरं, दीड तास इकडेतिकडे, समजू शकतो. पण वेळा बघितल्या तर सोमवारी रात्री साडेदहाला निघून बुधवारी पहाटे पाचला पोचतं, म्हणजे साडेतीस तास! त्यात एका साइटवर अंतर १५,३४४, दुसरीवर ९,५३७ आणि तिसरीवर चक्क ८,२८८. शेवटी आईला म्हटलं, अठरा ते तीसच्या मधे काहीतरी. तिने चष्म्यावरून बघितलं फक्त.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. नक्की अंतर किती, नक्की वेळ किती, आणि तिचा मंगळवार कुठे गेला?

खिडकीवाली
मंगळवार कुठे गेला 😂 आईंना माझा नमस्कार सांगा. वाचतेय.

चष्मिश
तिन्ही आकडे बरोबर आहेत हो. १५,३४९ किलोमीटर, ९,५३७ मैल आणि ८,२८८ नॉटिकल मैल, एकच अंतर. वैमानिक लोक नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आणि १५,३४४ वाली साइट नेवार्क विमानतळ धरत असणार, तो नदीपलीकडे न्यू जर्सीत आहे. १५,३४९ हे न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापासूनचं. अंतर शहर ते शहर नसतं, धावपट्टी ते धावपट्टी असतं.

हातचा_एक
चष्मिश, धन्यवाद, एक गाठ सुटली. मी ८,२८८ बघून म्हटलं शॉर्टकट सापडला की काय.

उंटावरचा_शहाणा
साडेतीसचं सोपं आहे. सध्या न्यूयॉर्क सिंगापूरच्या बरोब्बर १२ तास मागे आहे. साडेतीसातून १२ वजा करा, साडेअठरा. आईंना सांगा घड्याळाला हातच लावू नका. काटे तेच, फक्त सकाळची संध्याकाळ समजायची. जगात इतकी सोयीची जोडी दुसरी शोधून मिळायची नाही.

मंगळवार गेला असं नाही, फक्त तो न्यूयॉर्कच्या हिशोबाने १२ तासांचाच मिळाला. बाकीचा विमानातच सिंगापूरचा होऊन गेला.

खिडकीवाली
पण मंगळवारी वाढदिवस असला तर?

उंटावरचा_शहाणा
तर येताना भरपाई. सिंगापूरहून मध्यरात्रीनंतर साडेबाराला निघालात तर साडेअठरा तास बसून त्याच तारखेला सकाळी सातला न्यूयॉर्कला. एकच तारीख, वाढदिवस दीडपट.

गोल_गरगरीत
मला एक कळत नाही, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोचायला हवं, कारण गाव स्वतःच समोरून येतंय. पण होतं उलटंच. कुणीतरी समजावा.

रात्रपाळी
@गोल_गरगरीत, तसं असतं तर विमानं लागलीच नसती. हेलिकॉप्टर वर नेऊन उभं करायचं, खाली पाहिजे ते गाव आलं की उतरायचं. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने पळते, नुसतं लटकून राहिलं तरी विमानाच्या दुप्पट वेग.

गोल_गरगरीत
हलकेच घेतलं. ठीक, पण माझा प्रश्न खरा आहे.

कंपासपेटी
प्रश्न खराच आहे, टिंगल करू नका. उत्तर असं की हवाही जमिनीबरोबर फिरते, आणि विमान हवेत पोहतं. चालत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर उडवला तर हातातच येतो ना, मागच्या डब्यात जात नाही, तसंच. पृथ्वीचं फिरणं मदत करतं पण आडवाटेने, ते पुढे येईलच.

आधी अंतर. हातचा_एक, तुमच्या जोडीत एक मजा आहे, ती बहुतेक कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्क साधारण ७४ अंश पश्चिम, सिंगापूर १०४ अंश पूर्व. बेरीज १७८. म्हणजे दोघं जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर. त्यामुळे सगळ्यात जवळची वाट सरळ उत्तर ध्रुवावरून जाते! कॅल्क्युलेटर नको, कागदावर होतं. जेएफके आहे ४०.६ अक्षांशावर, तिथून ध्रुव ४९.४ अंश. सिंगापूर १.४ वर, ध्रुवापासून ८८.६ अंश. झाले १३८. एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणा. १५,३४५ येतात. नेटवाले आकडे चारपाच किमीने इकडेतिकडे, बास.

घरी पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं सिंगापूरवर, ताणा. दोरा माँट्रियलवरून वर चढतो, कॅनडाची बर्फाळ बेटं, ध्रुव, मग सायबेरियात इर्कुत्स्कच्या जवळून, चीनमधल्या चेंगदूच्या जवळून खाली सिंगापूर. भिंतीवरच्या नकाशावर ही रेघ काढूनच दाखवा कुणी! त्या नकाशात ध्रुव येतच नाही, वरच्या कडेच्या पलीकडे अनंतावर असतो. १५६९ साली मर्केटरने तो बोटींसाठी बनवला, दिशा बरोबर राहावी म्हणून, आणि आपण साडेचारशे वर्षांनी त्यावर विमानाची अंतरं मोजतोय. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट.

खिडकीवाली
दोरा लावून बघितला!!! मुलीच्या पृथ्वीगोलावर. खरंच ध्रुवावरच्या त्या पितळी खिळ्यालाच अडकला, बाजूला सरकवावा लागला. गोलाचा स्टँडच मधे येतो. आता मुलगी विचारतेय की विमान खिळ्याला अडकत नाही का.

चष्मिश
हसून हसून पुरेवाट. कंपासपेटी, वाचनखूण साठवली.

बिनधास्त_बाळू
सगळं ठीक आहे पण विमान ध्रुवावरून जात नाही. मी याच मार्गावर दोनदा गेलोय. एकदा अटलांटिकवरून युरोपच्या डोक्यावरून खाली आलं. परत येताना पॅसिफिकवरून. म्हणजे अख्ख्या जगाला चक्कर मारली मी, दोन्ही वेळा पूर्वेकडेच तोंड. तेव्हा ते दोरेबिरे पुस्तकात ठेवा, दोन इंजिनांच्या विमानाला ध्रुवावरून आणि समुद्रावरून जायला बंदी असते.

रनवे_झिरो_नाइन
पहिला अर्धा बरोबर, दुसरा अर्धा जुना झाला. मी याच धंद्यात आहे, मार्ग आखण्याच्या बाजूला.

दोन इंजिनांना पूर्वी जवळच्या विमानतळापासून एका इंजिनवर ६० मिनिटांच्या आतच राहावं लागायचं. १९८५ मधे ते १२० झालं, मग वाढत गेलं, याला एटॉप्स म्हणतात. एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळालेली आहे. म्हणजे सहा तासांवर विमानतळ असला तरी चालतो, आणि बाळूभाऊ तुम्हीच सांगताय की पॅसिफिकवरून आलात, ते काय चार इंजिनं होती?

बिनधास्त_बाळू
मोजली नाहीत. झोपलो होतो.

रनवे_झिरो_नाइन
😀 दोनच होती. या मार्गावर सिंगापूर एअरलाइन्सचं ए३५०-९०० चं यूएलआर मॉडेल असतं, अल्ट्रा लाँग रेंज. चार इंजिनांचं ए३४०-५०० आधी होतं, २००४ ते २०१३, नेवार्कला जायचं. इंधन परवडेना, बंद केलं. २०१८ च्या ऑक्टोबरमधे यूएलआर घेऊन परत सुरू केलं आणि २०२० पासून जेएफके.

आता मूळ मुद्दा. मार्ग रोज नवा असतो. वर १० ते १२ किमीवर जेट स्ट्रीम वाहतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ताशी शेदोनशे सहज आणि कधी तीनशेच्या वर. (गोल_गरगरीत, इथे येतं तुमचं पृथ्वीचं फिरणं. गरम हवा विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेला वळते.) विमान हवेत ताशी ९०० नेच जातं, पण भोवतालची हवा स्वतः २०० ने पुढे चालली असेल तर जमिनीवर ११०० पडतात. म्हणून आम्ही जवळची वाट शोधतच नाही, लवकरची शोधतो. हजार किलोमीटर जास्त गेलं तरी चालेल, वारा पाठीवर पाहिजे. आणि २०२२ पासून रशियावरून बऱ्याच कंपन्यांना जाता येत नाही किंवा त्या जात नाहीत, त्यामुळे ध्रुव-सायबेरियावाली दोऱ्याची वाट तशीही गेलीच.

गोल_गरगरीत
म्हणजे मी अगदीच चुकीचा नव्हतो. नोंद घ्यावी.

सागरगोटा
याचा पुरावा मी स्वतः आहे. लंडन-न्यूयॉर्क कामासाठी सतत. जाताना साधारण आठ तास, येताना साडेसहा-सात. अंतर साडेपाच हजार किमी, तेच. फेब्रुवारी २०२० मधे वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, ताशी १,३०० च्या वर गेलं. त्या आठवड्यात मी उलट्या दिशेने होतो. किती तास लागले ते विचारू नका, खिडकीतून एकच ढग बघत होतो असं वाटलं.

रात्रपाळी
१,३००? आवाजाचा वेग १,२२५ ना? मग धडाम् झालं का?

कंपासपेटी
नाही झालं, कारण आजूबाजूच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात होतं. वाहत्या नदीत पोहणारा काठावरच्याला फार जोरात वाटतो, पाण्याला विचारा. खरं ध्वनीपेक्षा जोरात गेलेलं प्रवासी विमान म्हणजे काँकॉर्ड, १९९६ मधे न्यूयॉर्क-लंडन २ तास ५३ मिनिटांत.

जाता जाता, बऱ्याच जणांना वाटतं की जाताना वारा विरुद्ध, येताना बरोबर, फिटंफाट. फिटत नाही. ९,००० किमी धरा. वारा नसेल तर १० आणि १०, वीस तास. शंभरचा वारा असेल तर जाताना ८०० ने सव्वाअकरा, येताना १००० ने नऊ. सव्वावीस. विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तोटा जास्त. फायदा पटकन संपतो.

सागरगोटा
पगारासारखं.

खिडकीवाली
दक्षिणेकडे पण असंच असतं का? की वादळांसारखी उलटी गरगर?

टिंबटिंब
दक्षिणेतही पश्चिमेकडूनच पूर्वेला. सिडनी ते जोहान्सबर्ग साधारण चौदा तास, येताना बाराच्या आसपास किंवा त्याहून कमी, अंतर ११ हजार किमी. मी सिडनीहून गेले होते तेव्हा समोरच्या पडद्यावरचं विमान एवढं खाली, एवढं खाली गेलं की शेजारचा म्हातारा घाबरून म्हणाला पायलट वाट चुकला. तिथेही दोराच, फक्त दुसऱ्या ध्रुवाकडे वाकलेला. खिडकीतून बर्फाचे तुकडे दिसले तेव्हा तो गप्प झाला आणि मग फोटो काढायला माझ्याच अंगावरून वाकून बसला तासभर.

चष्मिश
रशियावरून आठवलं, हेलसिंकी-टोकियो बघा. आधी साडेनऊ तासांच्या आसपास. २०२२ नंतर तेरा. शहरं तिथेच आहेत हो! सायबेरियावरून जाता येईना म्हणून फिनएअरने विमानं ध्रुवावरून वळवली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र द्यायला लागले. गंमत म्हणजे १९८३ मधे त्यांनी हाच मार्ग थेट सुरू केला तेव्हाही सोव्हिएत हद्द बंद म्हणून ध्रुवावरूनच, आणि तेव्हाही तेराच तास. चाळीस वर्षं गेली, घड्याळ जागेवर.

टिंबटिंब
प्रमाणपत्रावरून अवांतर, माझा लाडका विषय. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४५ पर्थ ते सिलोन कॅटालिना नावाची उडती बोट जायची, जपान्यांना चुकवत, रेडिओ बंद ठेवून. २७ ते ३३ तास हवेत, सलग! एवढं पेट्रोल भरावं लागायचं की प्रवासी फक्त तीन. वाटेत दोन सूर्योदय दिसायचे म्हणून 'डबल सनराइज'. त्यांनाही प्रमाणपत्र मिळायचं. साडेअठरा तासांना नावं ठेवणाऱ्यांनी ती बोट डोळ्यांसमोर आणावी.

सागरगोटा
आणि १९४७ मधे सिडनी-लंडन कांगारू रूट चार दिवस. वाटेत डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, ट्रिपोली. उतरायचं, झोपायचं, परत बसायचं. मला तर हेच माणुसकीचं वाटतं.

रनवे_झिरो_नाइन
तेच अंतर उलट दिशेने, लंडन-सिडनी, १९८९ मधे ऑस्ट्रेलियाच्या क्वांटसने बोइंग ७४७-४०० एकदम नेलं, २० तास ९ मिनिटं. पण जवळजवळ रिकामं, खास घट्ट इंधन भरून, आणि ते वाचावं म्हणून धावपट्टीच्या टोकापर्यंत चक्क ओढत नेलं होतं. लांब पल्ल्याचा सगळा खेळ हाच. शेवटच्या तासाचं इंधन वाहून नेण्यासाठी आधीचे सतरा तास इंधन जळतं. यूएलआरमधे १ लाख ६५ हजार लिटर मावतं आणि माणसं किती, १६१. साधी इकॉनॉमी नाहीच त्यात.

हातचा_एक
मंडळी, भारी माहिती. पण तिकिटावरचे साडेअठरा आणि माझे सतरा, हे दीड तास अजून लटकलेत.

रनवे_झिरो_नाइन
तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. चाकांखालची अडण निघते तिथपासून परत लावतात तिथपर्यंत, ब्लॉक टाइम म्हणतात. जेएफकेला संध्याकाळी रांगेत वीस-तीस मिनिटं जमिनीवरच जातात. वर चढताना-उतरताना ९०० चा वेग नसतो. वाट सरळ नसते. आणि वर थोडी उशी घालतात कंपन्या, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची घोषणा करता येते.

बिनधास्त_बाळू
ती घोषणा! एकदा वीस मिनिटं आधी उतरलो, टाळ्या, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून अर्धा तास विमानातच. कोणती कंपनी ते सांगत नाही.

रात्रपाळी
प्रतिसाद काढून टाकला आहे.

खिडकीवाली
@हातचा_एक, आईंना एवढं सगळं सांगू नका हो. रांगेकडची सीट, दर दोन तासांनी उठून चालणं, रोजच्या गोळ्या हातातल्या पर्समधे, आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. आणि एक वही द्या. माझी आजी दहा तासांच्या प्रवासात शेजारणीचं सगळं आयुष्य लिहून घेऊन आली होती.

हातचा_एक
वहीचं डोक्यात ठेवतो.

(नऊ दिवसांनंतर)

हातचा_एक
धागा वर काढतोय. आई पोचली, ठणठणीत आहे.

खिडकीवाली ताई, वही दिली होती. शेजारी झोपलेला होता म्हणून आयुष्य वगैरे मिळालं नाही, मग हिने जाग आली की समोरच्या पडद्यावरचे आकडे उतरवले. ताईने पानाचा फोटो पाठवला, तसाच टंकतोय:

हलले १०.४०. उडाले ११.०५.
वेग १०३८. बाहेर उणे ५४. खाली समुद्र.
वेग १०६१. आयर्लंड. पाय मोकळे केले.
वेग ९१२. बाहेर उणे ५७. काळा समुद्र, काळा दिसला नाही.
वेग ८८०. परत समुद्र. डोळा लागला.
टेकले ४.२५. कापलेलं अंतर १६,३९० कि. दार ४.४५.

कंपासपेटी
अहो ही वही म्हणजे सोनं आहे! बघा आता. न्यूयॉर्कचे रात्रीचे ११.०५ ते सिंगापूरचे पहाटेचे ४.२५, मधले १२ काढा, हवेत १७ तास २० मिनिटं. १६,३९० भागिले १७.३३, सरासरी ताशी ९४५. दोऱ्यापेक्षा हजारभर किलोमीटर जास्त गेले, तरी तुमच्या सतरा तासांच्या जवळ. अटलांटिकवर १०३८, १०६१ ही जेट स्ट्रीमची मेहेरबानी, ती ओसरली तसा वेग ९१२, मग ८८०. तुमचं गणित चुकलं होतं हातचा_एक, अंतरही चुकीचं आणि वेगही चुकीचा, आणि उत्तर जवळजवळ बरोबर.

हातचा_एक
शाळेतही माझं असंच व्हायचं.

रनवे_झिरो_नाइन
आणि दहा मिनिटं उशिरा हलून पंधरा मिनिटं आधी दारात. उशी दिसली ना?

गोल_गरगरीत
आईंना इथे सदस्य करून घ्या.

उंटावरचा_शहाणा
घड्याळाचं काय झालं? हात लावला का?

हातचा_एक
नाही लावला. ताईच्या घरातलं प्रत्येक घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघितलं म्हणे, आणि ताईचं ओव्हनवरचं तीन मिनिटं मागे आहे हे सांगितलं.

उंटावरचा_शहाणा
परत कधी येताहेत? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कची घड्याळं एक तास मागे जातात, सिंगापूरची हलत नाहीत. त्यानंतर १२ नाही, १३ तासांचा फरक.

हातचा_एक
१२ नोव्हेंबरला. आता हे तिला तुम्हीच फोन करून सांगा.